वहीतला तिसरा धवला

चार माणसं लागतात अशी जगात दोनच कामं आहेत, असं सर म्हणत. एक खांदा देणं आणि दुसरं क्वार्टेट वाजवणं. "दोन्हीकडे एकाचा पाय चुकला की मधला पडतो." दोन वर्षांपूर्वी सर गेले तेव्हा आम्ही वाजवणारे तिघंच उरलो होतो. चौथा खांदा सोसायटीच्या वॉचमनने दिला. तो उंच होता आणि घाईत होता. वाटभर मला वाटत राहिलं, सर आतून म्हणतील, "चौथे, जरा हळू."

त्यांच्याबद्दल लिहायचं तर माझ्या एका लबाडीबद्दल लिहावं लागतं. दोन्ही वेगळं करून पाहिलं, जमलं नाही.

सर नवीन पनवेलला आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. तळोज्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी झालेली. निवृत्त झाल्यावर सोसायटीतल्या मुलांना व्हायोलिन शिकवायचे म्हणून 'सर'. लग्न केलं नव्हतं. का नाही, असं कुणी विचारलं तर म्हणत, "दोघांसाठी लिहिलेलं मला आवडत नाही. पोकळ वाटतं."

त्यांना हवे होते चौघं. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. पहिलं व्हायोलिन ते स्वतः. दुसऱ्यावर मी, विमा कंपनीतला कारकून, लहानपणी चार वर्षं क्लास केलेला. व्हायोलावर समोरच्या विंगमधल्या डेंटिस्ट मॅडम. चेलोवाला पनवेलात मिळेना. सरांनी आठ महिने चौथ्या खुर्चीत पंचवीस किलो तांदळाचं पोतं ठेवून तालीम घेतली. मध्येच थांबून ते पोत्याकडे वळत आणि म्हणत, "तुम्ही एक मात्रा उशिरा येताय." डेंटिस्ट मॅडम पहिल्या दिवशी हसल्या. दुसऱ्या महिन्यात मी त्यांना पोत्यासाठी पान उलटताना पाहिलं.

मग जुन्या पनवेलच्या मोहल्ल्यातले चाचा सापडले. आयुष्यभर मुंबईच्या स्टुडिओंत चेलो वाजवून घरी बसलेले. त्यांना चहा, पान आणि नमाजाची सुट्टी लागायची. सर एकदा वैतागून म्हणाले, "पोतं जास्त शिस्तीचं होतं."

"बिलकुल था मास्टरजी," चाचा म्हणाले. "पण त्याला तुमी शिजवून खाल्लं. म्हनून मी जपून ऱ्हातो."

सोसायटीच्या फलकावर आमच्या तालमीची सूचना सर 'चौकडी' या नावाने लावत. दर आठवड्याला कुणीतरी त्याच्या आधी 'चांडाळ' लिहून जाई. सर ते पुसत नसत. अक्षर सुधारतंय का, तेवढं बघत.

तालीम पाण्याचा पंप बंद झाल्याशिवाय सुरू व्हायची नाही, कारण पंप कोमल गंधारात होता. भाजीवालीने 'मेथीऽऽ' म्हणून खालून हाक दिली की सर गॅलरीत जाऊन "अर्धा सूर वर, मावशी!" असं सांगायचे. ती सांगितल्याप्रमाणे वर न्यायची. म्हातारा मेथी घेतो, मग ओरडायला काय जातं, असा तिचा हिशेब. माझ्याबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. "तुमचा सूर मुंबईला जायला निघतो आणि कळंबोलीला उतरतो." अकरा वर्षं मी हे ऐकत होतो आणि ते खरं होतं.

सरांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. युरोपातल्या बड्या बड्या लोकांनी खेड्यांत फिरून शेतकऱ्यांची गाणी उतरवून घेतली आणि ती क्वार्टेटमध्ये घातली. शेतातली धून दिवाणखान्यात आणली, पण तिच्या पायाची माती पुसली नाही. "आणि आपल्याकडे? चौघं जमले की एक गातो आणि तिघं मान हलवतात. आपल्या मातीचं चौघांना वाटून दिलंय कुणी?"

हे त्यांना स्वतः करायचं होतं. त्यासाठी त्यांनी धवला निवडला. आमच्या भागातल्या आगरी लग्नांत धवलारीण असते. वयस्क बाई. मांडव, हळद, न्हाण, पाठवणी, प्रत्येक विधीचा धवला ती गाते आणि तिने गायल्याशिवाय तो विधी पुरा होत नाही. भटजी असतो, पण लग्न तिचं गाणं लावतं. सगळं तोंडपाठ. कागद कुठेच नाही.

पनवेलजवळच्या गव्हाण गावचा एक डंपरमालक माझा पॉलिसीधारक होता. त्याची आत्या धवलारीण. सत्तरीची, बारीक, नऊवारी गुडघ्यापर्यंत घट्ट कासलेली. मीही तिला आत्याच म्हणू लागलो. मी हे सरांना सांगितलं तेव्हा ते उभे राहिले आणि त्यांनी मला नमस्कार केला. मला वाटलं, आता ते गव्हाणला येतील. पण त्यांचा नियम वेगळाच.

"मी ऐकणार नाही. आवाज ऐकला की प्रेम बसतं, आणि प्रेमात पडलेल्या माणसाला स्वरांची हाडं दिसत नाहीत. तुम्ही जा आणि स्वर लिहून आणा."

"फोनवर रेकॉर्ड करतो ना सर."

"फोन स्वराला इस्त्री करतो. वहीत. हाताने. चार रविवार, चार धवले."

म्हणजे ज्याचा सूर कळंबोलीला उतरतो, त्याच्या कानांवर सरांनी सगळं काम ठेवलं. मी तसं म्हणालोही. ते म्हणाले, "तुमच्याकडे प्रतिभा नाही, हाच फायदा आहे. तुम्ही पदरचं काही घालणार नाही."

पहिल्या रविवारी मांडवाचा उतरवला. दुसऱ्या रविवारी हळदीचा. आत्या माझ्यासाठी एकेक ओळ दहादा गायची, आणि मी 'सा रे' मांडत असताना वहीत डोकावून विचारायची, "यात कंचा माजा आवाज हाय?" मी बोट ठेवून दाखवायचो. ती मान हलवायची. तिला अक्षर येत नव्हतं आणि लिहिलेल्याबद्दल तिला फार आदर होता.

तिसऱ्या रविवारी मेव्हणा आला. करंजा बंदराला ताजं पापलेट आलंय, चल म्हणाला. मी गेलो. आत्याला फोनही केला नाही. धक्क्यावर त्याचा लिलावात जीव अडकलेला, मी गाडीत बसलेलो, डॅशबोर्डवर वही. रात्री सरांना तिसरा धवला द्यायचा होता. मी पेन काढलं. पहिल्या दोन धवल्यांची चाल कानात होतीच. थोडं इकडचं, थोडं तिकडचं आणि मध्ये कोमल निषादावर एक लांब थांबा, कारण तेव्हा मेव्हण्याने काचेवर टकटक केली आणि पुढचं सुचायला वेळ लागला. वर लिहिलं, 'न्हाणाचा'. दहा मिनिटं लागली असतील.

चौथ्या रविवारी मी पुन्हा गव्हाणला गेलो, पाठवणीचा घेतला. मागच्या रविवारी का आला नाहीस, असं आत्याने विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.

सरांनी वर्षभरात क्वार्टेट लिहिलं, एकेका धवल्याचा एकेक भाग; भागाला ते 'हालचाल' म्हणत. तिसरी हालचाल त्यांची सगळ्यांत लाडकी. त्या लांब थांब्यापाशी ते डोळे मिटायचे. "बघा. हा थांबा कुणी शिकलेला माणूस टाकणार नाही. इथे नवरीच्या डोक्यावरून पाणी ओघळतंय. हजार वर्षांचं पाणी." चाचा सुद्धा तिथे पान चघळायचे थांबत. मी व्हायोलिनच्या गजाचा स्क्रू आवळत बसायचो. दर तालमीला सांगू म्हणायचो आणि दर तालमीला त्या थांब्यावर डेंटिस्ट मॅडमच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग कसं सांगणार?

क्वार्टेट पुरं झालं तसं सरांनी जाहीर केलं, "आता प्रेम करायला हरकत नाही," आणि आम्हाला गव्हाणला न्यायचं ठरवलं. पहिला प्रयोग धवलारिणीसमोर. आत्याच्या भाच्याच्या डंपरमधून चेलो गेला, खाली गादी घालून, वर चाचा धरून बसलेले. रस्त्यावर विमानतळाच्या कामाच्या गाड्यांची रांग होती. पलीकडच्या ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं, "चाचा, मय्यत हाय का?" चाचा म्हणाले, "अजून नाय. वाजवून झाल्यावर समजंल."

आत्या अंगणात सुकट निवडत होती. आम्ही प्लास्टिकच्या चार खुर्च्या मांडून वाजवायला लागलो. पहिल्या हालचालीत तिने वर पाहिलं. "ह्यो मांडवाचा," म्हणाली. सर वाजवता वाजवता हसले. दुसऱ्यात म्हणाली, "ह्यो हळदीचा. पर तुमी चवघं चार दिशांना का पलता?" तिसरी सुरू झाली. तिचा हात सुपावर थांबला. थांबा आला, गेला. संपल्यावर ती म्हणाली, "ह्यो कोनाचा?"

"तुमचाच, आत्या," सर म्हणाले. "न्हाणाचा."

"न्हानाचा येगला हाय. ह्यो आमचा नाय."

आता सांग, मी स्वतःला म्हटलं. सर माझ्याकडे बघत होते. मी ओठ उघडले, पण सरांनी तोपर्यंत माझ्या मांडीवरची वही उचलली होती आणि ती तिच्यापुढे धरली होती.

"तुम्ही विसरलात, आत्या. हे बघा, लिहिलेलं आहे."

ती त्या पानाकडे बघत राहिली. जणू तिच्या नावाचं समन्स आहे. मग माझ्याकडे वळली. "मी सांगितलाव तुला ह्यो?"

मी मान हलवली. खाली की आडवी, आजही खात्रीने सांगता येत नाही. तिने ती खाली समजली.

"वहीत हाय तर आसंल," ती म्हणाली, आणि पुन्हा सुकट निवडायला लागली. चौथी हालचाल आम्ही वाजवली, ती तिने ऐकली की नाही मला माहीत नाही. परतताना सर डंपरमध्ये खुशीत होते. "लोकांनी हरवलेलं आपण त्यांना परत दिलं," म्हणाले.

तीन आठवड्यांनी तिचा भाचा ऑफिसात आला. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "साहेब, इसरन्यावर पॉलिसी हाय का?"

"कशावर?"

"इसरन्यावर. आमची आत्या इसराया लागली. लग्नाच्या सुपाऱ्या परत दिल्या तिनं. दिसभर उलटं-सुलटं म्हनून बघते, चूक नाय सापडत, तरी म्हनते, माजी चूक मना कशी सापडंल? डॉक्टर म्हनला, कायबी नाय. ती म्हनते, डॉक्टरला काय म्हायती, वहीत हाय." त्याने खुर्ची पुढे ओढली. "रैवारी माज्या पोरीचं लगीन हाय. आत्या म्हनते, मी नाय गाणार. माज्या चुकीनं पोरीचं आर्धंच लगीन लागंल."

मी त्याला विस्मरण हे आमच्या कोणत्याही योजनेत बसत नाही असं सांगितलं. तो गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

आधी सरांकडे गेलो. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. करंजा, पापलेट, डॅशबोर्ड. सरांनी शांतपणे ऐकलं आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाही. मग काय झालंय?"

"सर, तो धवला मी केला. खोटा आहे."

"तुम्ही?" ते हसले नाहीत. दयेने बघत होते. "अकरा वर्षांत तुम्हाला एक थांबा धड मोजता आला नाही. आणि कोमल निषादावरचा तो तुम्ही रचलात? अहो, गेल्या वर्षी लिफ्टचा आरसा फुटला तेव्हाही तुम्ही कमिटीपुढे जाऊन मीच फोडला म्हणालात. नंतर कळलं तुम्ही त्या दिवशी साताऱ्यात होता."

"त्याला माझा धक्का आदल्या आठवड्यात लागला होता, म्हणून मला वाटलं की..."

"अपराधीपणा हा तुमचा छंद आहे. काहींना तिकिटं जमवायची सवय असते. घरी जा. झोपा."

माझ्यावरचा सगळ्यांत मोठा आरोप मी स्वतः सिद्ध करू शकत नव्हतो, कारण तेवढी माझी लायकी नव्हती. मी गव्हाणला गेलो.

आत्या ओट्यावर एकटीच पुटपुटत बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सांगितलं. तिने दोनदा सांगायला लावलं.

"म्हंजे त्या रैवारी तू आलाच नव्हतास?"

"नाही, आत्या."

"मी घावनं करून ठेवलीव्ती. सांजपर्यंत बसले." ती दूर कुठेतरी बघत होती. "मंग वही बघितली तवा म्हनलं, तू आला आसशील. मी गायले आसंन. घावनं खाल्ली आसशील. मनाच म्हायती नाय."

इतके दिवस मी समजत होतो, मी एक गाणं खोटं केलं. मी तिचा आख्खा एक रविवार खोटा केला होता.

मग तिचा आवाज चढला. तिने मला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. त्यातलं बरंचसं लयीत होतं. "उठ," म्हणाली. "ज्यांना ज्यांना मी बोलले, मना येत नाय, दुसरी बघा, त्यांच्यासमोर हेच बोल." आणि माझं मनगट धरून तिने मला गावभर फिरवलं. सात अंगणं. प्रत्येक अंगणात ती मला मधोमध उभा करी, "बोल" म्हणे, आणि मी करंजापासून सुरू करी. तिसऱ्या अंगणात बायका म्हणाल्या, "पापलेट कितीचा मिल्ला?" पाचव्या अंगणात एक म्हातारा बहिरा होता. त्याच्या कानाशी मी ओरडलो, "मी खोटं लिहिलं!" रस्त्यावरचा डंपर थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "काय झालं?" आत्या त्यालाही म्हणाली, "आयक. त्यालाबी सांग रं."

सातव्या अंगणातून तिने भाच्याच्या फोनवरून सरांना फोन लावला. "ओ मास्तर! मी इसरले नाय! तुमची वही इसरली!"

सरांनी तिचं मानलं. माझं नव्हतं मानलं.

दुसऱ्या दिवशी तालमीला गेलो तेव्हा तिसऱ्या हालचालीच्या पानावरचं 'परंपरागत' खोडलेलं होतं आणि त्याखाली, ड्राफ्ट्समनच्या सरळ अक्षरात, माझं नाव होतं. रागावतील, बाहेर काढतील, अशी तयारी करून मी बसलो होतो. सरांनी पेन्सिल काढली.

"दुसरी ओळ ढिली आहे. आठव्या मात्रेवर काही घडतच नाही. आणि हा थांबा," ते म्हणाले, "नाटकी आहे."

"मास्टरजी," चाचा म्हणाले, "परसोंपर्यंत इथं हजार सालचं पानी पडत होतं."

"तेव्हा ते पाणी होतं. आता ते विमा कंपनीचं आहे."

डेंटिस्ट मॅडम म्हणाल्या, "पण सर, मला अजून रडू येतं."

"रडा. पण लयीत."

त्यांनी सोळा मात्रा कापल्या. मग रात्री नऊ वाजता माझ्या दारात आले, हातात पान. कापलेल्या सोळा मात्रा परत लिहिलेल्या होत्या. "नाटकी आहे, पण काढता येत नाही," एवढंच बोलले. त्यांचे डोळे लाल होते. आत या म्हटलं, तर आले नाहीत.

रविवारी आम्ही चौघंही गव्हाणच्या लग्नात होतो. वाद्यं आणायचीच, असा आत्याचा हुकूम होता. सर पुढे सतरंजीवर मांडी घालून बसले. वही नव्हती, पेन्सिल नव्हती. त्यांनी पहिल्यांदाच तिचं गाणं ऐकलं, आणि त्यांचं तोंड जे उघडं पडलं ते बराच वेळ मिटलं नाही. आत्या सकाळपासून गात होती. मांडवाचा झाला. हळद लागायला लागली. नवरी पाटावर, बायकांचे हात पिवळे, आणि धवल्याच्या ऐन मध्यात, एका शब्दाच्या अर्ध्यावर, आत्या थांबली.

भाच्याचा चेहरा उतरला.

"च्या आना," आत्या म्हणाली. "घसा सुकला. मास्तर, मी च्या पिते तवर ह्याचा खोटा वाजवा. आन् पोरींनो, हात हाय तितंच ठेवा. ह्याच्यानं हळद लागत नाय."

आम्ही वाद्यं उचलली. हळदीचे हात हवेत तसेच राहिले. नवरीच्या नाकाला खाज सुटली होती, ती तिने चाचांच्या पहिल्या स्वरावर हळूच भागवून घेतली. सर वाजवत होते तसं मी त्यांना कधी वाजवताना ऐकलं नव्हतं. थांबा आला. आत्याने बशीत फुंकर घातली. दोन म्हाताऱ्या एकमेकींना म्हणाल्या, "खोटा हाय, पर बरा हाय."

आत्याने बशी खाली ठेवली आणि हात वर केला. आमच्या अजून सोळा मात्रा बाकी होत्या. सरांनी गज उचलून मांडीवर ठेवला, आम्हीही थांबलो. मग तिने मघाशी सोडलेल्या शब्दाचा उरलेला अर्धा उचलला, आणि हवेतले हात नवरीच्या गालांवर आले.